मर्लिनने नाव सांगितलं, पण पुरावा?

यावल अभयारण्यात हिवाळ्यात येणारे पर्ण-वटवटे दिसतात कमी, ऐकू येतात जास्त. शेंड्याच्या पानांत सतत हलणारे आणि रंगाने जवळजवळ सारखेच. म्हणून मर्लिन अ‍ॅपमध्ये २०२१ साली आलेली आवाजावरून ओळखण्याची सोय खरंच उपयोगी आहे. आक्षेप आहे तो तिचं उत्तर थेट यादीत टाकण्यावर.

गिल्बर्ट व्हाइट यांनी इंग्लंडमधले तीन सारखे दिसणारे वटवटे गाण्यावरून वेगळे केले; त्यांचं पुस्तक १७८९ चं. पण त्यांच्याकडे विणीच्या हंगामातलं अख्खं गाणं होतं. आपल्याकडे हिवाळ्यात बहुतेक वेळा एक छोटी हाक मिळते, जसं हिरवट वटवट्याचं ‘चिस्-ली’. एवढ्याशा तुकड्यावर अ‍ॅपही चुकतं, आणि स्क्रीनवर नाव वाचलं की आपल्या कानालाही तेच ऐकू यायला लागतं.

मग करायचं काय? रेकॉर्डिंग डिलीट करू नका. जागा, वेळ लिहा, झेनो-कँटोवरच्या आवाजांशी ताडून बघा. तरी शंका उरली तर सरळ लिहा: ‘पर्ण-वटवट्या, जात अनिश्चित’. यावल ते अनेर धरण असा नकाशा उद्या कुणीतरी तुमच्याच नोंदींवर काढणार आहे. त्याला रिकामी जागा परवडेल, चुकीचा ठिपका नाही.