एका गाढवाचं परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं करणारे पैशाला पासरी मिळतात. नाटकांची करणारे तर फुकट पासावर येतात. पण शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या वस्तूंकडे एकाही टीकाकाराची नजर वळत नाही. हा अन्याय मी आज एका गाढवापुरता तरी दूर करणार आहे.

हे गाढव प्लास्टिकचं. १९६२ साली मामा कामानिमित्त सहा महिने अमेरिकेला गेले होते. तिथून येताना लोक पेनं आणत, घड्याळं आणत, नायलॉनच्या साड्या आणत. मामांनी गाढव आणलं. “इथं काय कमी होती, म्हणून ह्यांनी विमानातून आणलं!” हा मामींचा अभिप्राय. या कलाकृतीचं पहिलं परीक्षण तेच.

आधी रचना पाहू. रंग करडा, लांबी वीतभर, पोट पोकळ. पोटात सिगारेटी भरायच्या. कान खाली दाबले की शेपूट वर व्हायची आणि गाढवाकडून जिथून आपण वेगळ्याच गोष्टीची अपेक्षा करतो, तिथून एक सिगारेट अलगद बाहेर यायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथं कान धरी, एवढाच फरक. पुढं मामा लांब फिल्टरवाल्या सिगारेटींवर गेले. सत्तर मिलिमीटरच्या हिशेबानं घडवलेल्या पोटात चौऱ्याऐंशीची सिगारेट अडकू लागली, आणि गाढवाला बद्धकोष्ठ झालं. मग मामी हेअरपिन घेऊन उपचाराला बसत.

कल्पना मात्र स्वतंत्र नाही. प्लास्टिकच्या आधी अमेरिकेत हेच काम ओतीव लोखंडाचे हत्ती करीत. तिथं हत्ती म्हणजे रिपब्लिकन पक्ष आणि गाढव म्हणजे डेमोक्रॅट. १८७० च्या दशकात टॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी ही दोन्ही जनावरं रूढ केली. म्हणजे निदान या खात्यात तरी दोन्ही पक्षांचं एकमत होतं म्हणायचं.

द्रव्याची निवड साफ चुकली आहे. बेकलंडनं १९०७ मध्ये शोधलेलं बेकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून त्याचे ॲश-ट्रे झाले. आमचं गाढव पडलं हलक्या प्लास्टिकचं. असलं प्लास्टिक शंभरेक अंशांना मऊ पडतं आणि पेटत्या सिगारेटचं टोक कित्येक शे अंशांवर असतं. एकदा एका पाहुण्यांनी जळती सिगारेट गाढवाच्या पाठीवर टेकवली. पाठीला कायमचा खड्डा पडला. सिगारेट प्रकृतीला घातक आहे, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलनं सात हजारांवर लेख तपासून ११ जानेवारी १९६४ ला जाहीर केलं. आमच्या गाढवाला ते वर्षभर आधीच कळलं होतं. पण गाढवाचं कोण ऐकतो!

आता आशय. पाकीट खिशात होतं तोवर ते एकट्या मामांचं होतं. गाढव आलं आणि सिगारेट साऱ्या घराची झाली. पाकिटात किती उरल्या ते दिसतं, गाढवाच्या पोटात दिसत नाही. शिवाय नको म्हणणारा पाहुणासुद्धा एवढं हसल्यावर ‘नको’ म्हणायला संकोचायचा. १९७५ च्या कायद्यानं पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं झालं. आमच्याकडे पाकीट गाढवात रिकामं व्हायचं आणि इशारा केराच्या टोपलीत जायचा.

आणि कान दाबायचं काम माझं होतं. “बाळ, गाढवाला विचार रे,” असं मामा म्हणाले की मी हातातला अभ्यास टाकून धावायचो. शेपूट वर व्हायची, सगळे हसायचे, मामा पाठीवर थाप द्यायचे. शाळेत कधी न मिळालेली शाबासकी मला या गाढवानं मिळवून दिली. दिवसाला दहा वेळा तरी.

मामा १९७९ साली गेले. फुप्फुसाचं दुखणं. वय चौपन्न. दोष गाढवाचा नाही, माझाही नाही, असं मामींनी मला आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडावर दिसलं असावं. टीकाकार म्हणून माझा आक्षेप एवढाच, की विनोद जमला होता. फसला असता तर बरं झालं असतं.

परवा नातवानं शोकेस उघडून गाढव काढलं, कान दाबले. शेपूट वर झाली. काहीच बाहेर आलं नाही.

“आजोबा, हे बिघडलंय का?”

“नाही रे,” मी म्हटलं, “सुधारलंय.”