कोझेतचा झाडू

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ (१८६२) ही कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ती बिशपांच्या चांदीच्या दीपदानांमुळे. प्रवचनांतून तो प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. याच कादंबरीला १८६४ साली रोमने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले होते, हे आज आठवले की थोडे हसू येते. परंतु मारझोडीत वाढलेल्या मुलांविषयी ह्यूगोने तीत जे लिहिले आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

फांतीन ही निराधार माता आपली लहानगी कोझेत माँफर्मे गावातील तेनार्दिए या खानावळवाल्या दांपत्याकडे सांभाळायला ठेवते आणि केस व दात विकूनही पैसे पाठवीत राहते. पाच वर्षांची होते न होते तोच कोझेत त्या घरची मोलकरीण बनते. तेनार्दिएबाई स्वतःच्या दोन मुलींवर जीव टाकते आणि कोझेतला झोडपते. आईचे पाहून त्या चिमुरड्या मुलीही कोझेतला छळू लागतात. मार खाणाऱ्या मुलाइतकेच मार पाहणारे मूलही बिघडते, हे ह्यूगोने इथे मोजक्या वाक्यांत टिपले आहे.

१८२३ च्या नाताळच्या आदल्या रात्री आठ वर्षांची कोझेत रानातल्या झऱ्यावरून जड बादली ओढीत येत असते, तोच अंधारात कोणीतरी ती बादली उचलून घेते. तो ज्याँ व्हालज्याँ. तो तिला मोठी बाहुली घेऊन देतो. कोझेत ती खुर्चीवर ठेवते आणि स्वतः समोर जमिनीवर निश्चल बसते. खेळ म्हटले, तर खेळतेच आहे असे सांगते! पॅरिसमधल्या पहिल्या सकाळी डोळे पुरते उघडण्याआधीच ती झाडू शोधू लागते. घर बदलले तरी मुलाचे शरीर बराच काळ जुन्या घरातच वावरत असते, असे मुलांच्या मनावर उपचार करणारे आज सांगतात. ह्यूगोने ते एका झाडूत दाखविले आहे.

इथून पुढे मात्र त्याचा हात ढिला पडतो, असे मला वाटते. पोलिसांपासून पळताना कोझेत बोलू लागते, तेव्हा तिला गप्प करण्यासाठी व्हालज्याँ सांगतो की तेनार्दिएबाई मागावर आहे. मूल थरथर कापते आणि गप्प होते. जुनी भीती वापरणारा हा हात प्रेमाचा आहे, तरीही ती भीतीच. पुढे आईविषयी विचारले की तो मौन धरतो. मठाच्या शाळेत कोझेत वाढते आणि जुने दिवस तिला दुःस्वप्नासारखे अंधूक होत जातात. बरे होणे म्हणजे विसरणे, असा जणू लेखकाचा समज आहे.

आपल्या धर्मग्रामांतही हा समज खोल रुजला आहे. घरातली गोष्ट घरातच मिटविली जाते. मुलाकडून चौथी आज्ञा तोंडपाठ करून घेतली जाते, वडिलांना माफ कर असे सांगितले जाते, पण तुला काय झाले हे कोणी विचारीत नाही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

मृत्युशय्येवर व्हालज्याँ अखेर बोलतो. ते रान, ती बादली, ती बाहुली यांची आठवण काढतो, तेनार्दिए दुष्ट होते असे स्पष्ट म्हणतो, आणि मग त्यांना क्षमा करायला सांगतो. आईचे नावही कोझेतला तेव्हाच कळते. क्रम योग्य आहे. झाला तो दहा वर्षे उशिरा.

त्याच तेनार्दिए घरातला नकोसा मुलगा गाव्हरोश रस्त्यावर वाढतो. दोन लहान पोरे रडताना दिसली की तो त्यांना दरडावतो, पाव घेऊन देतो, सर्वांत लहान तुकडा स्वतःला ठेवतो आणि रात्री आपल्या आसऱ्याला नेतो. ते आपलेच भाऊ आहेत, हे त्याला माहीत नसते. ज्याला आईने कधी जवळ घेतले नाही, त्याच्या ठायी ही माया कुठून आली, याचा खुलासा ह्यूगो करीत नाही. मला तो हवा होता.