चेटकिणीला हसताना

काही नाटके पाहताना नजर रंगमंचावरून हलत नाही. काही पाहताना ती पुन्हापुन्हा प्रेक्षकांकडे वळते. कै. रत्नाकर मतकरी यांचे ‘अलबत्या गलबत्या’ दुसऱ्या प्रकारात मोडते. जळगावला या नाटकाचा प्रयोग आम्ही तीन कुटुंबांनी मिळून पाहिला. धुळ्याहून आम्ही दोन कुटुंबे जीपने गेलो होतो, तिसरे कुटुंब जळगावच्या मित्राचे. सोबत आमच्या धुळ्याच्या स्नेह्याची वृद्ध आईही होती. निघण्यापूर्वी एका भगिनीने शंका काढली, “सकाळी मिस्साला नेलेल्या मुलांना संध्याकाळी चेटकीण दाखवायला न्यायचे, हे बरे का?” त्या शंकेचे उत्तर मला परतीच्या वाटेवर मिळाले. म्हणून हा लेखप्रपंच.

मतकरी (१९३८–२०२०) यांनी एका हाताने गूढकथा लिहिल्या आणि दुसऱ्या हाताने बालनाट्ये. १९६२ साली त्यांनी ‘बालनाट्य’ ही संस्था सुरू केली. मोठ्या माणसांना भय कसे घालावे, हे ज्याला उत्तम ठाऊक, त्याने मुलांसाठी चेटकीण निर्माण करताना भयाचे प्रमाण फार विचाराने ठरवलेले दिसते. त्यांची चिंची चेटकीण दुष्ट आहे. पण त्याहून अधिक ती आत्मप्रौढ आहे. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी लुब्ध आहे, की तिची फजिती होणार हे मुलांना तिच्याआधी कळते. ज्याची फजिती आधीच कळली, त्याचे भय कसले? ती आली की पहिल्या रांगेतील मुले आईला बिलगतात. थोड्याच वेळात तीच मुले खुर्चीवर उभी राहून तिला उलट उत्तरे देऊ लागतात. बिलगण्यापासून उभे राहण्यापर्यंतचा हा प्रवास हेच या नाटकाचे खरे कथानक होय. गाणी आणि नाच या प्रवासाला हातभार लावतात. कारण जिच्या गाण्यावर आपण टाळी धरली, तिच्यापुढे थरथर कापणे शक्य होत नाही.

ही भूमिका पुरुषाने करावी, यातही मर्म आहे. पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी ती गाजवली. २०१८ साली चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक नव्याने रंगभूमीवर आले, तेव्हा वैभव मांगले यांनी ती साकारली. मध्यंतरात आमच्या धाकट्याने विचारले, “हे काका आहेत, मग बाई का झाले?” जळगावात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. ज्या बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ या गावात गेला, त्यांनी स्त्रीवेषातून सौंदर्याचा आदर्श उभा केला. तमाशातील मावशीने त्याच वेषातून हशा पिकवला. चिंची ही त्या मावशीची नातलग. आत काका आहेत हे मुलाला ठाऊक असते; म्हणूनच ते निर्धास्तपणे भिऊ शकते.

नाटकात उणीव नाही असे नाही. चेटकीण रंगमंचावर असते तोवर सारे जिवंत असते. ती आत गेली की इतर पात्रे फिकी वाटतात. नायकाचा भाबडेपणा लोभस असला, तरी जिंकतो तो आणि लक्षात राहते ती. ध्वनिवर्धकाचा आवाजही त्या रात्री गरजेपेक्षा मोठा होता. परंतु मला जाणवलेली मोठी उणीव याहून वेगळी आहे. ती दाखवली मित्राच्या आईने.

त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यात वाढल्या. सारे प्रेक्षागृह हसत होते, तेव्हा त्या गप्प होत्या. एरंडोल गेले, पारोळाही मागे पडले, मुले झोपली, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या पाड्यातून एकीला डाकीण म्हणून हाकलले होते. मी लहान होते. तिचे नाक लांब नव्हते, केस पिंजारलेले नव्हते. ती माझ्या आईसारखी दिसायची.” जीपमध्ये कोणी काही बोलले नाही.

तेव्हा ध्यानात आले, की रंगमंचावरील चेटकीण चेहऱ्यावरून ओळखू येते आणि तिचा दुष्टपणा आपल्यासमोर घडतो. पाड्यावरच्या डाकिणीचा अपराध कोणीच पाहिलेला नसतो. कोणाचे मूल दगावते, कोणाची गाय आटते, भगत बोट दाखवतो. ते बोट बहुधा एखाद्या एकट्या विधवेकडे वळते, आणि तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात अशा छळाला सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. तथापि कायदा पोलीसठाण्यापासून सुरू होतो. भय चुलीपाशी सुरू होते.

आपण ख्रिस्ती वाचकांनी याबाबत इतरांकडे बोट दाखवू नये. युरोपात चेटकीण म्हणून असंख्य स्त्रिया जाळल्या गेल्या. जोन ऑफ आर्कवर चेटकाचा संशय घेतला गेला, पाखंडाचा ठपका ठेवून १४३१ साली तिला जिवंत जाळण्यात आले. तो निवाडा १४५६ साली रद्द झाला. ती संत म्हणून घोषित झाली १९२० साली. चूक उमगायला पंचवीस वर्षे लागली, वेदीपर्यंत यायला जवळजवळ पाच शतके.

म्हणून त्या भगिनीच्या शंकेला माझे उत्तर असे: मुलांना हे नाटक अवश्य दाखवावे. जिला मनमुराद हसलो, ती अंधारात छळत नाही; हे काम कोणत्याही उपदेशापेक्षा मतकरींचे नाटक चांगले करते. मात्र पडदा पडल्यावर उरलेले काम पालकांचे आहे. रंगाखाली एक काका होते, हे मुलांना कळलेच आहे. ज्यांना गाव चेटकीण म्हणते त्यांच्या चेहऱ्यावर रंगसुद्धा नसतो, तेथे फक्त एक बाई असते, हे आपण सांगायचे.

धुळ्यात उतरताना धाकटा जागा झाला. “आजी, तुम्ही चेटकिणीला भ्यालात?” त्याने विचारले. आजी म्हणाल्या, “नाही रे बाळा. मी तिला हाकलणाऱ्यांना भ्याले होते.”