श्रम, अभ्यास आणि अवधान : सिमोन वेलच्या दोन निबंधांविषयी

सिमोन वेलच्या (१९०९-१९४३) शेतातील दिवसांकडे 'निसर्गाच्या सान्निध्यात श्रद्धेचा उदय' अशा परिचित आशयसूत्राने पाहण्याचा मोह सहज होतो. तिच्या लेखनाची संहिता मात्र या वाचनाला साथ देत नाही.

ज्यूंना अध्यापनातून वगळणारा विशी राजवटीचा १९४० चा कायदा आड आल्यानंतर, ऑगस्ट १९४१ मध्ये वेल दक्षिण फ्रान्समध्ये ग्युस्ताव तिबों याच्याकडे शेतकाम करावयास गेली. तिबों कॅथॉलिक शेतकरी, औपचारिक शिक्षण अल्प, परंतु स्वाध्यायाने तत्त्वचिंतक झालेला. तिने त्याला ग्रीकमधून प्लेटो वाचून दाखविला. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेची ग्रीक संहिता दोघांनी शब्दशः अभ्यासली व ती मुखोद्गत करण्याचे ठरविले. पुढे द्राक्षतोडणीच्या हंगामात वेल रोज कामाआधी ही प्रार्थना म्हणू लागली. चित्त किंचित जरी ढळले, तरी ती पुन्हा आरंभापासून म्हणावयाची, हा तिचा नियम. त्यापूर्वी आपण कधी प्रार्थना केली नव्हती, असे तिने मे १९४२ मध्ये फादर पेरँ यांना लिहिले आहे. म्हणजे व्याकरणाचा पाठच येथे प्रार्थनेचा पाठ झाला, आणि तोही द्राक्षवेलींमध्ये.

असे असता, १९४२ मध्येच कॅथॉलिक विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या शालेय अभ्यासाविषयीच्या निबंधात ती श्रमाला दुय्यम स्थान देते, हे प्रथमदर्शनी चकित करणारे आहे. प्रार्थना म्हणजे अवधान, हे तिचे गृहीतक. भूमितीचे न सुटलेले उदाहरणही अवधान वाढविते, म्हणून ते वाया जात नाही. (परीक्षेच्या गुणांपलीकडे अभ्यासाला अर्थ उरला आहे काय, असा प्रश्न पडलेल्या माझ्यासारख्या अध्यापकाला हा निबंध फार अस्वस्थ करतो.) लूकच्या शुभवर्तमानातील दोन दास ती समोरासमोर उभे करते. शेतात राबून आलेल्या दासाला धनी आपले जेवण वाढावयास सांगतो. दाराशी जागत राहिलेल्या दासाला मात्र धनी स्वतः वाढतो. शेतकरी-कामगारांच्या दैन्यात देवाची एक अतुलनीय जवळीक आहे, हे ती मान्य करते; पण व्यवसाय म्हणून पाहता अभ्यासच देवाच्या अधिक निकट, कारण त्याचा आत्मा अवधान हा आहे.

फ्रेंचमध्ये 'अवधान' आणि 'प्रतीक्षा' हे शब्द एकाच धातुकुळातले. आपल्याकडे ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात तेव्हा त्यात प्रतीक्षेचा अर्थ येत नाही. मराठी भाषांतरकाराची खरी अडचण येथे आहे.

मग द्राक्षबागेचे काय? याचे उत्तर अदास्य श्रमाच्या प्राथमिक अटीविषयीच्या तिच्या दुसऱ्या निबंधात सापडते. श्रमिकाला भाकरीहूनही काव्याची गरज अधिक आहे, आणि त्या काव्याचा उगम धर्मात आहे, असे ती तेथे म्हणते. हे काव्य बाहेरून आणून श्रमावर चिकटवावयाचे नाही. बी मातीत मरते, तेव्हाच पीक येते. पेरणाऱ्याच्या हातात दाखला आधीच असतो. तो वाचण्याचे शिक्षण त्याला हवे. माझ्या मते या भूमिकेने पहिल्या निबंधातील उतरंड मोडत नाही, परंतु तिचा रोख बदलतो. थकलेला देह आपोआप श्रद्धावान होत नाही. आपले काम संहितेसारखे वाचू शकणारा देह होऊ शकतो. ग्रामीण कष्टांना सरसकट पावित्र्य बहाल करणाऱ्या भाबडेपणापासून वेल येथे दूर राहते. कारखान्यातील श्रमाने माणसाचे काय होते, हे तिने १९३४-३५ मध्ये स्वतः अनुभवले होते.

वेल चर्चच्या उंबरठ्यावरच थांबली, हेही विसरता येत नाही. तिच्या वह्यांतील उतारे तिबोंनी विषयवार शीर्षकांखाली लावून १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या मांडणीमुळे तिची वाक्ये सुभाषितांसारखी चमकू लागली आणि फार वाचली गेली. पण ती कोणत्या दिवशी, कोणत्या कामानंतर, कोणत्या वाचनाशेजारी लिहिली गेली, हा संदर्भ सुटला. ज्या शेतकऱ्याने तिला काम दिले, त्याच्याच संपादनात ते काम दिसेनासे व्हावे, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी.