जात्याची टाकी आणि ठाण्याची वही

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. वऱ्हाडच्या लोकजीवनावर लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही. मीही वीस वर्षे तो वापरत आलो. पाठीशी विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही. त्यामुळे छापील वाक्यावर माझा विश्वास जरा लवकरच बसतो. चौथ्या खंडातले पारध्यांवरचे प्रकरण मात्र आता मी थांबत थांबत वाचतो.

या प्रकरणाचा बराच भाग शिकारीचा आहे : पक्षी धरण्याचे फासे, माणसाळलेली हरणे, चित्ते, ससाणे. हीही सामान्य विधानेच. पण ती तपासता येतात. फासा समोर ठेवून कोणीही खात्री करून घ्यावी. शेवटी गुन्ह्यांचा विषय येतो, आणि निवेदनाचा सूर तोच राहतो. येथेच वाचक फसतो. गुन्ह्यांविषयीची माहिती त्या काळी मुख्यतः पोलिसांकडून येई. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी केनेडी यांचे 'गुन्हेगार वर्गां'वरचे पुस्तक १९०८ सालचेच. ठाण्याला दिसतो तो पकडून आणलेला पारधी. तितर विकून घर चालवणाऱ्याची नोंद तेथे कशाला होईल?

याच प्रकरणात टाकणकर येतात. ते गावोगाव फिरून घरोघरची जाती टाकून देत. वऱ्हाडातल्या बायांना टाकणकर ठाऊक होता तो छिन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर बसणारा; ठाण्याला ठाऊक होता तो संशयित. दोन्ही ज्ञाने अनुभवातूनच आलेली. पण कायद्याने ठाण्याची वही उचलली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याची सोय झाली. जमात एकदा जाहीर झाली की जन्मलेले मूलही त्या शिक्क्याखाली येई. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला; शिक्का गेला नाही. तुरुंगांच्या नियमांतली जातीवर आधारलेली कलमे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

रसेलला दोष देणे सोपे आहे. माझ्या वहीचे काय? दर्यापूरकडच्या एका बेड्यावर तिघांनी मला नावे सांगितली. दुसऱ्या खेपेस तिघांचीही नावे बदलली. मी लिहिले, 'हे लोक खरे नाव सांगत नाहीत', आणि पुढे एका लेखात ते छापलेही. काही वर्षांनी तिथल्याच एका म्हातारीने विचारले, ''भाऊ, त्या दिशी तुमच्यासंगं कोन आलतं?'' पहिल्या खेपेस माझ्यासोबत पोलीस पाटील होता. माझा अनुभव खोटा नव्हता; पण ते उत्तर पाटलासाठी होते, आणि मी ते जमातीच्या स्वभावात जमा केले.

म्हणून ज्याच्या वावरातली तूर चोरीला गेली, त्या शेतकऱ्याला मी पूर्वग्रहदूषित म्हणणार नाही. 'या दोघांनी नेली' हा त्याचा अनुभव. 'ते लोक नेतात' हा अंदाज. तो चुकू शकतो, आणि चुकला तर सुधारता येतो. पूर्वग्रहाची खूण पुढे आहे : उलट उदाहरण समोर आले तरी विधान जागचे हलत नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' शाळा काढली. तिचा विषय मी अमरावतीत काढला, अकोल्यातही काढला. दोन्हीकडे ऐकले, ''ते शिकलेले वेगळे हो!'' चोर दिसला की तो जमातीचा नमुना. शिकलेला दिसला की अपवाद. असा हिशेब ज्या वहीत चालतो, तिला अनुभवाची वही म्हणता येणार नाही.

माझे ते छापील वाक्य मी या लेखाने मागे घेतो. वहीतले मात्र खोडलेले नाही. त्याच्या शेजारी एवढेच लिहिले आहे : 'सोबत पोलीस पाटील होता.'