रिकाम्या खुर्चीचा ताबा

सरकारी मराठीतला ‘रिक्त’ हा शब्द फार निरागस दिसतो. जागा रिक्त झाली, पद रिक्त आहे, रिक्त पद यथावकाश भरण्यात येईल. जणू कोणी उठून गेले आणि मागे नुसती हवा उरली. वृत्तपत्रांचे अग्रलेख, राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तके, सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी निघणाऱ्या पुस्तिका, या साऱ्यांनी तो शब्द तसाच उचलला आहे. माझा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. जातीने बांधलेल्या गावात खुर्ची रिकामी नसते. तिच्यावर कोणी बसलेले दिसत नाही इतकेच. ताबा कोणाचा तरी असतोच. तो कोणाचा, हे विचारल्यावाचून स्थानिक स्वराज्याची कोणतीही समीक्षा पुरी होत नाही.

तामिळनाडूतील चार गावांची हकीकत या प्रश्नाच्या मुळाशी नेणारी आहे. मदुराई जिल्ह्यातील पापापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम आणि शेजारच्या विरुधुनगर जिल्ह्यातील कोट्टकच्चियेंदल. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि १९९६ मध्ये या गावांची पंचायत-अध्यक्षपदे अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. पुढची दहा वर्षे तिथे अध्यक्ष बसू शकला नाही. निवडणूक जाहीर होई. कधी एकही अर्ज येत नसे. कधी गावातील वरचढ जातीची मंडळी आपल्याच ताब्यातला एखादा दलित उभा करीत, तो निवडून येई, शपथ घेई आणि लगेच राजीनामा देई. पुन्हा जागा रिक्त, पुन्हा निवडणूक, पुन्हा राजीनामा. २००६ साली जिल्हा प्रशासनाने आणि राज्य सरकारने हा प्रश्न नेटाने हाती घेतला, तेव्हा कुठे तिथे अध्यक्ष टिकले. मुख्यमंत्र्यांनी चेन्नईत त्यांचा सत्कार केला. कायद्याने दिलेल्या खुर्चीवर कायद्याने बसल्याबद्दल सत्कार व्हावा, यातच त्या दहा वर्षांचा हिशेब आहे.

आणि जो राजीनामा देत नाही त्याचे काय होते? त्याच मदुराई जिल्ह्यात मेलवळवू हे गाव आहे. तिथलेही अध्यक्षपद राखीव झाले. मुरुगेसन या दलित कार्यकर्त्याने धमक्यांना न जुमानता निवडणूक लढवली आणि जिंकली. ३० जून १९९७ रोजी ते बसमधून गावी परतत असताना त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या पाच जणांची हत्या झाली. निवडणूक कार्यालयाच्या दप्तरी मेलवळवूचे अध्यक्षपदही त्या दिवशी ‘रिक्त’ झाले. शब्द तोच. अर्ज न आल्यामुळे रिक्त, राजीनाम्यामुळे रिक्त, मृत्यूमुळे रिक्त. नोंदवहीत तीन कारणे दिसतात. गावात कारण एकच असते.

महाराष्ट्राने हे वाचून सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. आपल्याकडे या खुर्चीचा इतिहास दुसऱ्या टोकाने सुरू होतो. महारकीची पाळी कधी रिक्त राहिली होती का? येसकर आजारी पडला म्हणून गावाने सांगावा धाडायचा थांबवला, तराळाच्या घरात पोर मेले म्हणून सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणारा माणूस मिळाला नाही, असे कधी घडले? भाऊबंदांनी पाळी वाटून घेतली, पण पाळी चुकली नाही. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वतनाचा हा फास सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ चा, आणि आपला ग्रामपंचायत अधिनियमही १९५८ चाच. एकाच सालाचे दोन कायदे. एकाने गावाच्या सेवेची वंशपरंपरागत जागा मोडली, दुसऱ्याने गावाच्या कारभारातील लोकनियुक्त जागा उभी केली. पहिली जागा मोडेपर्यंत गावाने एक दिवस रिकामी ठेवली नाही. दुसरी मात्र माणूस मिळत नाही, लायक उमेदवार नाही, दाखला आला नाही अशा सबबींवर महिनेन् महिने रिकामी राहते. माणसे तीच, वस्ती तीच. राबायला माणूस सापडत होता, सही करायला सापडत नाही.

सही या शब्दावर थोडे थांबतो, कारण ताब्याचे यंत्र तिथे आहे. सरपंचपद राखीव असते, उपसरपंचपद राखीव नसते. सरपंचाची जागा रिकामी पडली की नवा सरपंच येईपर्यंत त्याचे अधिकार उपसरपंच वापरतो. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. कारभार थांबता कामा नये. पण राखीव जागा रिकामी राहिल्याने नेमका कोणाचा लाभ होतो हे इथे उघडे पडते. खुर्ची रिकामी, शिक्का मात्र चालू! मग ती भरण्याची घाई गावातल्या कोणत्या पुढाऱ्याला असणार? मी ज्या भागात शिकवतो तिथे एका गावात राखीव सरपंचाची जागा अशीच पडून होती. तिथल्या एका पुढाऱ्याला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, काम कुठं अडलंय?’ हे उत्तर खोटे नव्हते. त्याचे काम अडले नव्हतेच.

अर्थात प्रत्येक रिकाम्या जागेमागे कट असतो असे मी म्हणत नाही. आरक्षणाच्या सोडतीत एखादे पद अशा प्रवर्गाला जाते की त्या गावात त्या प्रवर्गाचे एकही कुटुंब नसते. तो गणिताचा दोष आहे, गणित सुधारून तो दूर होईल. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. खोट्या दाखल्यावर राखीव जागा बळकावणे हाही ताब्याचाच एक प्रकार आहे, म्हणून ठरल्या मुदतीत वैधता सादर करा नाहीतर जागा सोडा, ही अट मला योग्य वाटते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, कोल्हापूर महापालिकेतील नगरसेवकांची पदे धोक्यात आली, आणि राज्य सरकारने लगबगीने मुदतच वाढवून दिली. लगबग कोणासाठी झाली ते पाहावे. पडताळणी समित्यांवर पुरेसे अधिकारी नेमून खऱ्या दाखल्याच्या माणसाला वेळेत कागद द्यावा, यासाठी तशी लगबग कधी दिसली नाही. जागा भरणाऱ्या यंत्रणेतच एकेका अध्यक्षाकडे दोन-तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार असतो, हे कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे.

आता दुसरी बाजू. जागा भरली की प्रश्न सुटतो का? ती कोण भरतो, यावर सारे आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब अवघे सत्तावीस वर्षांचे होते. तेव्हापासून सायमन कमिशनपर्यंत त्यांनी एक गोष्ट लावून धरली : आमचा प्रतिनिधी निवडणुकीने यावा. गंमत अशी की १९२७ मध्ये ते स्वतः मुंबई कायदेमंडळावर आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. नेमणूक कशी असते हे ते आतून पाहत होते, आणि तिथेच बसून निवडणुकीचा हक्क मागत होते. ज्याला सरकार नेमते त्याची निष्ठा सरकारकडे वळवता येते. ज्याला इतर सभासद निवडून घेतात त्याला त्यांची मर्जी राखावी लागते. यात माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, रचनेचा आहे.

पुणे कराराची उजळणी आपण दरवर्षी २४ सप्टेंबरला करतो, पण ती प्रांतिक कायदेमंडळांतील १४८ जागांपाशी थांबते. त्याच कराराचे आठवे कलम स्थानिक संस्थांविषयी आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. तिथे जागांचा आकडा नाही. अस्पृश्य म्हणून कोणालाही स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अपात्र ठरवले जाणार नाही आणि योग्य प्रतिनिधित्वासाठी सर्वतोपरी प्रयत्न होतील, एवढाच आशय आहे. कायदेमंडळात आकडा, गावात ‘प्रयत्न’! करारावर सह्या होऊन पंधरा दिवस लोटले नाहीत तोच, ६ ऑक्टोबर १९३२ रोजी, मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी राखीव प्रतिनिधित्वाची मागणी पुढे ठेवली. नुसत्या प्रौढ मताधिकाराने भागणार नाही, कारण गावात आपला माणूस संख्येने थोडका आहे, हे त्यांचे म्हणणे होते. करारात ढिला राहिलेला धागा कुठे आहे हे त्यांना अचूक ठाऊक होते. स्थानिक संस्थांतील आरक्षण घटनेत यायला त्यानंतर साठ वर्षे लागली.

आणि तेही कुठवर आले? घटनेचे २४३-टी हे कलम पालिकांतील आरक्षणाचे प्रमाण थेट निवडणुकीने भरायच्या जागांशी जोडते. स्वीकृत सदस्यांच्या जागा त्या हिशेबाबाहेर राहतात. स्वीकृत सदस्याला सभागृहात मत नाही, हे खरे. पण विशेष ज्ञान व अनुभव असलेली माणसे सभागृहात यावीत म्हणून ही तरतूद झाली, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये महापालिकांतील अशा जागांची कमाल मर्यादा पाचावरून दहावर नेण्यात आली. ज्ञान वाढले म्हणून की इच्छुक वाढले म्हणून, हे वाचकांनीच ठरवावे. नावे पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे ठरतात, आणि वृत्तपत्रे दुसऱ्या दिवशी छापतात : अमक्याची वर्णी लागली. सफाई कामगारांच्या वस्तीतील ड्रेनेज उभ्या आयुष्यात हाताने जाणणाऱ्या माणसाचे ज्ञान ‘विशेष’ म्हणून कोणत्या पक्षाच्या यादीत येते? जिल्हा परिषदेच्या समित्यांतही हेच. समाजकल्याणाचे सभापतिपद आपल्या माणसाकडे, अर्थ आणि बांधकाम दुसरीकडे. गावकुसाची आखणी सभागृहाच्या नकाशावर पुन्हा उमटते.

निवडणुकाच झाल्या नाहीत तर सारेच सभागृह रिकामे होते. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली. मुंबईची मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासक. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे घटना सांगते. मध्यमवर्गाने याविषयी बरेच लिहिले, लोकशाहीच्या नावाने हळहळ झाली, ती योग्यच होती. पण एका सबंध पंचवार्षिकाची राखीव जागाही त्यातच वाहून गेली, याची वेगळी नोंद मी फारशी वाचली नाही. ज्याचा आमदाराशी फोन लागतो त्याला प्रशासकाच्या दालनात वाट मिळते. ज्याला नगरसेवकाच्या दारात उभे राहण्यावाचून दुसरी वाट नव्हती, त्याची वाट बंद होते.

सर्वांत जास्त जिथे बोलायला हवे त्या समितीकडे येतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व संनियंत्रण समिती सांगितली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष. आमदार-खासदार आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून निदान एक बैठक. गुन्हा नोंदला गेला का, पीडिताला अर्थसाहाय्य मिळाले का, तपास कुठे अडला, हे विचारण्याची ही एकमेव जागा, जिथे आपला माणूस पोलीस अधीक्षकाच्या समोर, त्याच टेबलाशी बसतो. या पाच जागांपैकी किती भरलेल्या आहेत, हे आपल्या जिल्ह्यापुरते तरी आपण विचारले आहे का? मी एका जिल्ह्याची यादी पाहिली. तिच्यातील एक सदस्य दोन वर्षांपूर्वी वारले होते, एकाचा पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा होता, एकाला आपण सदस्य आहोत हे ठाऊक नव्हते. कागदावर जागा भरलेल्या होत्या. रिक्त जागेवर निदान तक्रार करता येते; अशा भरलेल्या जागेवर तीही करता येत नाही.

यात सरकारी अनास्था आहेच. पण आपल्या चळवळीची एक सवय मला तितकीच सलते. महामंडळ, समिती, मंडळ यांवरची नेमणूक ही आपण पुढाऱ्याच्या कष्टाची बिदागी मानली. तालुक्याच्या ठिकाणी फलक लागतात, हार पडतात, निवडीबद्दल अभिनंदन. निवड कोणी केली? वस्तीने नाही. म्हणून तो सदस्य पहिल्या बैठकीत काय बोलला हे वस्ती विचारत नाही आणि तोही सांगायला येत नाही. ज्या चळवळीच्या जन्मदात्याने नेमणुकीच्या जागेवर बसूनही निवडणुकीचा हक्क मागितला, तिनेच वर्णी लागण्याची वाट पाहावी, हे मला पटत नाही. नेमणूक नाकारा असेही मी म्हणत नाही, कारण नियमांत या समितीसाठी निवडणूक नाहीच. पण जिल्हाधिकाऱ्याकडे जाणारे नाव वस्त्यांच्या बैठकीत ठरावाने ठरावे आणि त्या ठरावाची प्रत अर्जासोबत जावी, यात नियमाची कोणतीही आडकाठी नाही. सदस्याने दर बैठकीनंतर आठ दिवसांत वस्तीपुढे तोंडी का होईना हिशेब द्यावा, हेही आपल्याच हातात आहे.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक काम सुचवतो. आपल्या जिल्ह्याच्या दक्षता समितीची आजची यादी आणि गेल्या चार बैठकांची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागवा. २०१३ पासून उपविभाग पातळीवरही अशीच समिती नियमांत आहे, तिचीही यादी मागवा. एकेका नावापुढे एवढेच लिहा : हयात आहे का, बैठकीला होता का, बोलल्याची नोंद आहे का. त्याच कागदावर दुसऱ्या बाजूला तालुक्यातील राखीव सरपंचपदांची यादी करा, आणि पद रिकामे असेल तिथे सध्या सही कोणाची चालते त्याचे नाव लिहा.