पवळा कोणत्या कप्प्यात?

नेरुळच्या माझ्या घरी पुस्तकांचे दोन कप्पे आहेत. एक लोककलेचा, दुसरा आंबेडकरी चळवळीचा. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ओळखली जाणारी पवळा हिवरगावकर पहिल्या कप्प्यात भेटते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) दुसऱ्या कप्प्यात आहे. या वाटणीत काही चुकते आहे, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावतींविषयी वाचताना लक्षात आले. पॅरिस गाजवणारी नर्तकी जोसेफिन बेकर २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात फ्रेंच लष्करी गणवेशात भाषणाला उभी राहिली. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात चार मुली गेल्या आणि त्या संतापातून नीना सिमोनने ‘मिसिसिपी गॉडॅम’ रचले. तिथे रंगमंचावरची बाई चळवळीत आली. आपल्याकडे चळवळीने बाईला रंगमंच सोडायला सांगितले.

याचे कारण शोधताना एक घाईचा निष्कर्ष काढला जातो: चळवळ सोवळी होती. मला तो मान्य नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना तो धंदा सोडण्याचे आवाहन केले. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेले तमाशाचे उत्पन्न त्यांनी नाकारले, कारण ते महार स्त्रियांना नाचवून मिळवलेले होते, अशी हकीकत सांगितली जाते. बेकरला नाच जातीने नेमून दिलेला नव्हता. इथे बाईची कला आणि तिच्या देहावर गावाने सांगितलेला हक्क एकाच सुपारीत ठरत असे. नकार होता तो या सक्तीला.

चूक नंतर झाली, आणि ती आम्हा लिहिणाऱ्यांची आहे. सक्ती नाकारताना आम्ही ती सोसणाऱ्या बाईलाही इतिहासातून वगळले. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण मंच बहुतांशी पुरुषांचाच राहिला. दुसरीकडे लोककलेच्या अभ्यासकांनी तिचे गुणगान केले, पण जात गाळून. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा नाचायला गेल्या, हा प्रसंग आपण कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. दिवस भरलेल्या बाईला बोर्डावर का उभे राहावे लागले, हे विचारत नाही. विठाबाई मातंग होत्या, फड हेच कुटुंबाचे पोट होते, हे त्या गौरवात बसत नाही.

शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) मला म्हणूनच मोलाचे वाटते. अश्लील ठरवल्या गेलेल्या या स्त्रियांनी माणुसकीसाठी केलेली धडपड त्या राजकारण म्हणून वाचतात. तमाशावरचे हे पुस्तक आधी इंग्रजीत यावे, याची मात्र मराठी वाचक म्हणून खंत आहे.

आज कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीत गातात, तेव्हा हजारो लोक ऐकतात. कला आणि चळवळ तिथे वेगळी काढता येत नाही. पण कडूबाईंना मिळणारा मान पवळेपर्यंत मागे न्यायचा असेल, तर फडातून बाहेर पडलेल्या वयस्कर स्त्रियांचे बोलणे त्या हयात आहेत तोवर टिपून घेतले पाहिजे. मग ते पुस्तक कोणत्या कप्प्यात ठेवायचे, हा प्रश्न उरणार नाही.